२८६व्या जागेवरची खूण

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला आज अवचित विचारा, ‘सोळा साते?’ उत्तर येतं, ‘बारोदरसे’. हा शब्द तो एरवी कधीच वापरत नाही. बँकेत, भाजीवाल्याकडे, नातवंडांशी बोलताना तो ‘एकशे बारा’च म्हणतो. पण प्रश्न पाढ्याच्या चालीत आला की ‘बारोदरसे’ आपसूक ओठांवर येतं.

आता त्याच माणसाच्या मेंदूत उतरून पाहू. पाढा पाठ झाला त्या दिवशीच्या चेतापेशी बहुतांशी आजही त्याच आहेत. त्या जन्मभर साथ देतात. पण त्या पेशी ज्या प्रथिनांच्या घडल्या आहेत ती प्रथिनं, मोजके अपवाद सोडले तर, काही तासांत, फार तर काही आठवड्यांत मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. चौथीतल्या त्या मुलाच्या मेंदूतलं जवळजवळ कुठलंच प्रथिन आज शिल्लक नाही. मग पाढा लिहिलेला आहे तरी कशावर?

हा प्रश्न १९८४ साली फ्रान्सिस क्रिकने ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात विचारला. डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी हा एक. उतारवयात तो मेंदूकडे वळला होता. त्याने नुसता प्रश्न विचारला नाही, उत्तराची एक वाटही सुचवली. समजा, आठवण सांभाळणारं प्रथिन एकेकटं नसून जोडीने राहतं, आणि दोघांवरही एक रासायनिक खूण आहे. त्यातलं एक जुनं होऊन गळून पडलं आणि त्या जागी कोरं, बिनखुणेचं प्रथिन आलं, तर शेजारचं खूणवालं प्रथिन त्या नव्यावर तीच खूण उमटवील. काही दिवसांनी शेजारचंही बदलेल. तेव्हा आता जुना झालेला हा नवा त्याच्यावर खूण करील. प्रथिनं बदलत राहतील, खूण राहील.

गावाकडे हरिनाम सप्ताह पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. पहारा संपला की उभा वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा देतो आणि घरी जातो. सात दिवसांत किती वीणेकरी बदलले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. वीणा खाली आली नाही, एवढंच पाहिलं जातं. क्रिकला मेंदूत असा पहारा हवा होता. त्याच्या टिपणात तर्क होता, पण खांदे कुणाचे, हे नव्हतं.

ते खांदे एका एन्झाइमचे निघाले. एन्झाइम म्हणजे विकर, पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. आणि ती खूण म्हणजे फॉस्फेट.

फॉस्फेटची गोष्ट मेंदूत नव्हे, स्नायूत सुरू झाली. १९५५ साली सिअ‍ॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे दोघे स्नायूंतली साठवलेली साखर कशी मोकळी होते ते शोधत होते. ते काम करणारं एन्झाइम कधी झोपलेलं असे, कधी जागं. फरक एवढाच, की जाग्या एन्झाइमवर एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून आलेला एक फॉस्फेट चिकटलेला असे. फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम वेगळं, उतरवणारं वेगळं. चिकटवणाऱ्याला कायनेज म्हणतात, उतरवणाऱ्याला फॉस्फटेज. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो प्रथिनावर बसला की आजूबाजूचे भाग ओढले किंवा ढकलले जातात, प्रथिनाचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर वागणूकही. स्नायूंची खास बाब वाटलेली ही युक्ती पुढे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सापडली. माणसाच्या जनुकांत पाचशेहून जास्त कायनेजांच्या कृती लिहिलेल्या आहेत. फिशर आणि क्रेब्स यांना नोबेल मिळालं ते १९९२ साली, सदतीस वर्षांनी.

इथे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होता. द्रावणात फॉस्फरस किती आहे ते निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची त्यांची रीत १९२५ची. त्याच जोडीने १९२९ साली स्नायूंत एटीपी असल्याचं सांगितलं. जर्मनीत कार्ल लोमान याच सुमारास तिथेच पोचला होता. म्हणजे ज्या रेणूकडून कायनेज फॉस्फेट घेतं तो रेणू ओळखण्यात एका भारतीयाचा हात होता. आपल्याकडे जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ‘फिस्के-सुब्बाराव’ करणाऱ्या कितीजणांना त्या निळ्या रंगाचा आठवणींशी असलेला संबंध कुणी सांगितला असेल?

आता मेंदूतलं ते एन्झाइम. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे. प्रयोगशाळांत त्याला कॅम-के-टू म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्याबद्दल पहिली चकित करणारी गोष्ट म्हणजे त्याचं प्रमाण. एन्झाइम थोडंच पुरतं: भांडंभर दुधाला चमचाभर विरजण, तसं. पण मेंदूतल्या एकूण प्रथिनांपैकी एक ते दोन टक्के प्रथिन हे एकटं कॅम-के-टू आहे. विरजणच एवढं, तर मग ते फक्त विरजण नसावं, ही शंका वाचकाने मनात ठेवावी. ती खरी ठरायला बरीच वर्षं लागली.

दुसरी गोष्ट त्याची बांधणी. सहा-सहा पाकळ्यांची दोन फुलं पाठीला पाठ लावून ठेवावीत तसं हे बारा सारख्या घटकांचं एन्झाइम. प्रत्येक घटकाला स्वतःचं काम करणारं तोंड आहे आणि त्या तोंडावर स्वतःचंच झाकण. एरवी बाराही झाकणं बंद.

झाकण उघडतं कॅल्शियम. चेतापेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे थोडंसं जरी आत शिरलं तरी पेशीला ती मोठी बातमी असते. आणि दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या सिनॅप्सवर कॅल्शियमचं एक दार असं आहे, की ते एका अटीवर उघडत नाही, दोन लागतात. पलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हा निरोप धाडलेला असला पाहिजे आणि त्याच क्षणी अलीकडची पेशी आधीच उत्तेजित असली पाहिजे. मगच दारात अडकलेला मॅग्नेशियमचा बोळा निघतो. दोन गोष्टी एकत्र घडल्या, हे पेशीला इथे कळतं. ‘सोळा साते’ आणि ‘बारोदरसे’ यांची गाठ पडण्याची सुरुवात अशा लाखो दारांवर होते.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मॉड्युलिन नावाचं छोटं प्रथिन झेलतं, एका वेळी चार. कॅल्शियम झेललेलं कॅल्मॉड्युलिन कॅम-के-टूच्या एखाद्या घटकाला जाऊन बिलगतं आणि झाकण उचलतं. उघडलेला घटक लगेच शेजाऱ्याकडे वळतो आणि त्याच्या साखळीतल्या २८६व्या अमिनो आम्लावर, थ्रिओनिनवर, फॉस्फेट ठेवतो. पण एका अटीवर: शेजाऱ्यालाही त्या वेळी कॅल्मॉड्युलिन बिलगलेलं असलं पाहिजे. कॅल्शियमची एकच क्षीण लहर आली तर दोन शेजारी एकाच वेळी उघडे सापडण्याची शक्यता कमी. लहरी भराभर, एकामागोमाग आल्या तर ती वाढते. १९९८ साली पॉल डी कोनिंक आणि हॉवर्ड शुलमन यांनी हे प्रयोगाने दाखवलं: कॅल्शियम किती वेगाने ठोके देतं आहे, याचा हिशेब हे एन्झाइम ठेवतं.

आणि एकदा २८६वर फॉस्फेट बसला की झाकण पूर्ण मिटत नाही. कॅल्शियम ओसरतं, कॅल्मॉड्युलिन निघून जातं, तरी तोंड उघडंच. निरोप देणारा गेला, निरोप राहिला. बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठातल्या जॉन लिसमनने १९८५ साली कागदावर मांडलं होतं, की स्वतःवरच खूण करणारं कायनेज हे आठवणीचं बटण होऊ शकेल. पुढच्याच वर्षी स्टीव्हन मिलर आणि मेरी केनेडी यांनी कॅल्टेकमध्ये कॅम-के-टू नेमकं तसंच वागतं हे दाखवलं. लिसमन २०१७मध्ये गेला. शेवटपर्यंत तो याच एका कल्पनेची पारख करत होता.

उंदरांनी साक्ष दिली. १९९२ साली अल्सिनो सिल्वा आणि सुसुमु तोनेगावा यांच्या एमआयटीमधल्या गटाने कॅम-के-टूचा मुख्य प्रकार मुळातच नसलेले उंदीर तयार केले. दुधाळ पाण्याच्या हौदात उंदराला सोडायचं. पाण्याखाली न दिसणारा एक चौथरा असतो. भोवतालच्या खुणा पाहून तो कुठे आहे हे उंदराने लक्षात ठेवायचं. साधा उंदीर काही दिवसांत सरळ तिकडे पोहतो. या उंदरांना ते जमेना. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागातले, सिनॅप्सही, वारंवार उत्तेजन मिळाल्यावर जसे बळकट व्हायला हवेत, तसे नीट होत नव्हते. (सिनॅप्स असे तासन्‌तास बळकट राहू शकतात हे टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशांमध्ये दाखवलं होतं.) पुढे १९९८ साली त्याहून बारीक काम झालं. कार्ल पेटर गीझे यांनी सिल्वांच्या गटात असे उंदीर घडवले, ज्यांच्यात हे एन्झाइम संपूर्ण होतं, फक्त २८६व्या जागी थ्रिओनिनऐवजी ॲलनिन होतं, ज्याच्यावर फॉस्फेट बसू शकत नाही. कित्येकशे अमिनो आम्लांच्या साखळीतलं एक अक्षर बदललं, आणि हौदातला चौथरा सापडेनासा झाला.

अशा शोधांत माश्या उंदरांच्याही आधी होत्या. कॅल्टेकमध्ये सिमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७६ साली वास लक्षात न ठेवणारी फळमाशी सापडली. तिच्यात बिघडलेलं होतं तेही एक निरोप सांभाळणारंच एन्झाइम, हे १९८१ साली कळलं. बेंझर यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दिकी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि त्यांच्याकडे मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माश्यांना वास कसा कळतो यावरचं आपलं काम सुरू केलं. कुलाब्याच्या त्या समुद्रकाठी माश्यांच्या बाटल्या घेऊन बसलेल्या माणसांनी आपल्याकडे या विषयाची पेरणी केली.

तर क्रिकचं कोडं सुटलं? इथे विज्ञानाने आपल्या लाडक्या कथेवर स्वतःच पाणी टाकलं, आणि मला तो भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. २००९ साली र्‍योहेई यासुदा यांच्या गटाने एकेका सिनॅप्समध्ये कॅम-के-टू कधी चालू होतं, कधी बंद, हे प्रत्यक्ष पाहिलं. ते सुमारे मिनिटभरातच निवलं. बटण वर्षानुवर्षं दाबलेलं राहतं, ही साधी कल्पना त्या दिवशी गेली. मग २०२३मध्ये कोलोरॅडोतल्या उलरिख बायर यांच्या गटाने त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली. सिनॅप्स बळकट करायला कॅम-के-टूचं एन्झाइम म्हणून काम लागतच नाही. लागतं ते २८६च्या खुणेने त्याचा आकार बदलणं आणि त्या बदललेल्या आकाराने त्याने जाऊन कॅल्शियमच्या दाराला घट्ट बिलगणं. आता तो एक ते दोन टक्क्यांचा आकडा आठवा. एवढं विरजण कुणी ठेवत नाही. पण वीट म्हणून वापरायचं असेल तर एवढं लागतंच.

पहारा बदलण्याची कल्पना मात्र पुरती मेली नाही. २०१४ साली जॉन कुरियन यांच्या बर्कलीतल्या गटाने, मार्गारेट स्ट्रॅटन यांच्या पुढाकाराने, परीक्षानळीत दाखवलं की जागं झालेलं कॅम-के-टू आपले घटक दुसऱ्या, झोपलेल्या कॅम-के-टूशी अदलाबदल करतं आणि खूण तिकडेही पसरते. जिवंत मेंदूत हे आठवण टिकवायला कितपत कामी येतं यावर वाद चालू आहे. तरी क्रिकने कल्पिलेली हालचाल निदान एका प्रथिनाला जमते, एवढं पक्कं झालं.

उंदीर आणि परीक्षानळ्या यांच्यापलीकडे घरं आहेत. २०१७ साली अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा २४ जणांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या कॅम-के-टूच्या जनुकात एखादं अक्षर बदललेलं होतं आणि ज्यांची बौद्धिक वाढ अडखळली होती. हे बदल आईवडिलांकडून आलेले नव्हते, मुलातच नव्याने घडलेले होते. अशा घरांत ‘कुणाकडून आलं?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं, बहुधा आईवरच रोखलेला असतो. ‘कुणाकडूनच नाही’ असं सांगू शकणारी रक्ततपासणी त्या घरात औषधाच्या आधी दिलासा घेऊन येते. या एका कारणासाठीही हे संशोधन व्हायला हवं होतं.

एंजलमन विकाराची गोष्ट याच एन्झाइमच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९६५ साली हॅरी एंजलमन या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने तीन मुलांचं वर्णन केलं: सदा हसतमुख, बोलणं जवळजवळ नाही, चालण्यात तोल नाही, फिट्स. आईकडून आलेल्या १५व्या गुणसूत्रावरचं एक जनुक त्यांच्यात काम करत नाही, हे पुढे कळलं. पण त्यामुळे आठवण का बिघडते? अशा उंदरांत कॅम-के-टूच्या ३०५व्या जागेवर नको तेवढे फॉस्फेट बसलेले सापडले. ही जागा झोपवणारी आहे. तिथे फॉस्फेट असला की कॅल्मॉड्युलिनला बिलगताच येत नाही. २८६वरचा फॉस्फेट जागवतो, त्याच साखळीतला ३०५वरचा निजवतो. रॉटरडॅमच्या यपे एल्गेर्स्मा यांनी २००७ साली त्या जागेवर फॉस्फेट बसणारच नाही असे एंजलमन उंदीर घडवले, आणि त्यांच्या फिट्स, तोल, शिकणं, सगळंच सुधारलं. ते उंदीर जन्मापासून तसे होते, मुलांबाबत ती वाट नाही. मुलांसाठी आता वडिलांकडून आलेली, निसर्गाने निजवून ठेवलेली प्रत जागी करण्याच्या चाचण्या चालू आहेत.

फॉस्फेट उतरवणाऱ्यांबद्दल आतापर्यंत मी गप्प होतो, तो त्यांच्यावर अन्याय होता. पीपी-१ हे त्यांच्यातलं एक. झुरिकच्या इसाबेल मान्सुई यांच्या गटाने २००२ साली उंदरांच्या मेंदूत पीपी-१ दाबून धरलं. साधा उंदीर मध्ये विश्रांती देत शिकवलं तर चांगलं शिकतो, सलग रेटलं तर कमी. पीपी-१ दाबलेल्या उंदरांना थोडक्या विश्रांतीतही उत्तम शिकता आलं, आणि शिकलेलं त्यांच्या जास्त काळ लक्षात राहिलं. म्हातारे उंदीरसुद्धा विसरले नाहीत. म्हणजे आपण विसरतो ते नुसतं झिजून नव्हे. विसरायला लावणारं एक एन्झाइम कामावर असतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला थोडे थोडे पाढे म्हणायला लावणाऱ्या घरांना पीपी-१ ठाऊक नव्हतं, पण रोज थोडं म्हणायचं आणि मध्ये रात्र जाऊ द्यायची, हे ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं कोंबणाऱ्या मुलांना ओरडण्यापेक्षा हा प्रयोग सांगावा.

उतरवणारे थकले आणि चढवणारे थांबेनात, तर काय होतं याचं सगळ्यांत भयंकर रूप म्हणजे अल्झायमर. १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत आलॉइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या बाईंच्या मेंदूतले धाग्यांचे गुंते दाखवले. ते गुंते कशाचे, हे कळायला ऐंशी वर्षं लागली. टाऊ नावाचं प्रथिन चेतापेशीच्या लांब तंतूमधले आतले रूळ जागच्या जागी धरून ठेवतं. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या तंतूत हे रूळ मीटरभर अंतर सांभाळतात. १९८६ साली इंगे ग्रुंडके-इकबाल आणि खालिद इकबाल यांच्या गटाने दाखवलं की गुंत्यातल्या टाऊवर फॉस्फेटची गर्दी झालेली आहे. निरोगी टाऊवर सरासरी दोन-तीन फॉस्फेट असतात, रुग्णांच्या मेंदूत त्याच्या तीन-चार पट. इतके फॉस्फेट लादलेला टाऊ रूळ सोडतो आणि एकमेकांत गुंततो. गुंते आधी हिप्पोकॅम्पसच्या आसपास पसरतात, म्हणून सकाळी काय खाल्लं ते आधी जातं आणि पाढे पुष्कळ दिवस टिकतात. घरच्यांना हे विचित्र वाटतं, कधी ते ढोंगही समजतात. ते ढोंग नसतं.

टाऊवर फॉस्फेट चढवणाऱ्यांत जीएसके-३ हे नाव पुन्हापुन्हा येतं. हेही मूळचं साखर साठवण्याच्या कामातलं एन्झाइम. १९४९ साली मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं आणि ते निवळले. ते का निवळले, हे त्यांना सांगता येत नव्हतं. १९९६ साली पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी दाखवलं की लिथियम जीएसके-३ला दाबतं. मग हे एन्झाइम आणखी नेमकेपणाने दाबलं तर अल्झायमर थांबेल, अशी आशा उगवली. टाइडग्लुसिब नावाच्या औषधाची चाचणीही झाली. रुग्णांना लाभ झाला नाही. टाऊ हा जीएसके-३च्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक. शरीरभर इतकी कामं करणाऱ्या एन्झाइमला एका कामासाठी वेठीला धरणं सोपं नाही. आणि रुग्णांच्या मेंदूत फॉस्फेट उतरवणारं पीपी-२ए मंदावलेलं असतं, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

उपचार अजून अडलेले असले तरी फॉस्फेटची ही गर्दी आता दंडातल्या रक्तात दिसू लागली आहे. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला मंजुरी दिली. विसराळूपणाच्या तक्रारी असलेल्यांसाठीच ती आहे आणि इतर तपासण्यांसोबतच वापरायची आहे. एरवी पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे किंवा महागडं स्कॅनिंग. आता सुरुवात दंडातल्या रक्ताच्या एका नळीने करता येते. त्यात इतर एका प्रथिनाबरोबर टाऊ मोजला जातो, पण कुठलाही टाऊ नव्हे. थ्रिओनिनच, फक्त २८६ऐवजी २१७व्या जागेवरचं, आणि त्यावर बसलेला एक फॉस्फेट, जो उतरवायला वेळेवर कुणी आलं नाही.